पार्वती कंपाउंडचा मालक

केसरीनाथ तरे यांना आयुष्यात दोन गोष्टी नीट जमल्या, असं ते स्वतःच सांगत. चालत्या लूमवर तुटलेला धागा जोडणं आणि एका चहात मार्क्सवाद समजावणं. तिसरी गोष्ट त्यांना या दोन्हींपेक्षा चांगली जमली होती, पण तिचा ते उल्लेख करत नसत. भिवंडीतल्या राहनाळला स्वतःच्या जमिनीवर उभ्या असलेल्या गोदामाचे मालक असून मालक नसल्यासारखं जगणं, ही ती गोष्ट.

पहिल्या दोन गोष्टी निजामपुऱ्याच्या लूमच्या गल्लीतल्या. अठराव्या वर्षी बापाशी भांडून केसरीनाथ भातशेती सोडून लूमवर गेले आणि बावीस वर्षं तिथेच राहिले. गल्लीत एका पतंगाच्या दुकानावर युनियनची खोली होती. दर रविवारी तिथे अभ्यासवर्ग भरायचा. केसरीनाथ आधी झोप काढायला गेले, कारण खोलीत पंखा होता. तिसऱ्या रविवारी त्यांना कळलं, की आपण रोज बारा तास जे विणतो त्यातलं आपल्या वाट्याला किती येतं हे कुणीतरी शंभरेक वर्षांपूर्वी मांडून ठेवलंय. मग त्यांची झोप उडाली ती उडालीच. पुढे तो वर्ग तेच घेऊ लागले.

पार्वती त्यांना तिथेच भेटली, लूमसाठी सुताची कांडी भरणाऱ्या बायकांत. त्या गल्लीतल्या कारखान्यांत बायकांसाठी संडास नव्हता. शिफ्ट संपेपर्यंत बायका पाणी पीत नसत. युनियनच्या पुरुषांनी मागण्यांचा कागद केला तेव्हा ही मागणी लिहायला सगळे लाजत होते. पार्वती उठली आणि म्हणाली, की लाज वाटत असेल तर पेन माझ्याकडे द्या. तिने ती एक नंबरला घातली. संप सतरा दिवस चालला आणि संडास झाला. केसरीनाथांच्या उभ्या आयुष्यात पूर्ण मान्य झालेली मागणी ती एकच, आणि ती बायकोची होती. हे मात्र ते अभिमानाने सांगत.

मार्क्सवाद एकच असतो, असं बाहेरच्याला वाटतं. आतल्याला विचारावं. निजामपुऱ्याच्या त्या खोलीत एकूण अकरा माणसं होती आणि चहाच्या किटल्या दोन होत्या, कारण रशियावाले आणि चीनवाले एकमेकांच्या हातचा चहा घेत नसत. मग निवडणूक लढवावी म्हणणारे आणि निवडणूक म्हणजे फसवणूक म्हणणारे वेगळे झाले. त्यानंतर आधी वर्ग की आधी जात यावर तिघेजण उठून गेले, आणि जाताना पंखा घेऊन गेले, कारण तो त्यांच्या वर्गणीतला होता. केसरीनाथ रशियाच्या किटलीचे. चीनच्या किटलीचे मोईनभाई मोमीन, त्यांच्याच कारखान्यातले विणकर. दोघे शेजारच्या लूमवर उभे राहून अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. तुटला धागा मात्र एकमेकांचा जोडत, कारण लूम थांबला तर दोघांचंही नुकसान होतं.

केसरीनाथांनी प्रत्येक पंथाची वेगळी वही केली होती. विरोधकाला खोडायचा तर तो आधी वाचला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पाच वह्या झाल्या. लाल पुठ्ठ्याच्या, शाईच्या पेनाने भरलेल्या.

पार्वती गेली त्याच्या पुढच्या वर्षी राहनाळला गोदामांची लाट आली. भावकीतल्या सगळ्यांनी भातखाचरांवर पत्रे चढवले. मुलगा भावेश म्हणाला, की आपणच तेवढं चिखलात बसायचं का. केसरीनाथांनी सही केली. कशी केली हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं; गुडघे गेले होते, लूम बंद पडले होते, भावेशचं लग्न व्हायचं होतं. पाच गाले, म्हणजे गोदामाचे पाच खण, उभे राहिले, कंपनीला भाड्याने गेले, आणि भावेशने आईच्या आठवणीने फाटकावर मोठी पाटी लावली, पार्वती कंपाउंड. उद्घाटनाच्या दिवशी केसरीनाथांनी ती पाटी पाहिली आणि त्यानंतर ते त्या फाटकातून कधी आत गेले नाहीत. घर त्या भाड्यावरच चालत होतं. ते त्याच घरात जेवत होते. आत न जाण्याने काय साधत होतं, हे विचारायची सोय नव्हती.

गुडघ्यांसाठी ते अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडावर जात. तीन वर्षांपूर्वी तिथे काठावर पाय सोडून बसले असताना डोंगरपाड्यावरच्या चारपाच बायका ओव्हरटाइमवरून आपसात भांडत होत्या. हिशोब चुकत होता. केसरीनाथांना राहवलं नाही. त्यांनी ओल्या फरशीवर बोटाने आकृती काढून दाखवली, दिवसाचे किती तास तुमचे आणि किती दुसऱ्याचे. त्या बायकांतली एक, तानी, चाळिशीची, फरशी वाळेपर्यंत आकृतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, पाड्यावर येऊन सांगाल का. असा रविवारचा वर्ग पुन्हा सुरू झाला, आंब्याखाली, सतरा बायका आणि आठ पुरुषांचा. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, कामाला कुठं जाता. तानी म्हणाली, राहनाळला, पार्वती कंपाउंडात, पॅकिंगला.

केसरीनाथांनी तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यांनी सांगितलं, की मी लूमवरचा कामगार, भिवंडीत राहतो. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

कंपनीचा टेम्पो त्या लोकांना सकाळी पाड्यावरून थेट कंपाउंडात नेई आणि संध्याकाळी परत आणून सोडी. गावात त्यांचा पाय पडत नसे. त्यांना ठाऊक होता तो भावेशशेठ. त्यामुळे तीन वर्षं निभावलं. या तीन वर्षांत केसरीनाथांनी वर्गाला तीन नियम घालून दिले. पहिला, कामाच्या जागेचा मालक कोण ते ऐकीव धरू नका, सातबारा काढून बघा. दुसरा, निवेदन दिलं की पोच घ्या. घेणाऱ्याची सही आणि सहीखाली त्याचा हुद्दा. तिसरा, तोंडी आश्वासन म्हणजे काहीच नाही. ते वह्या तपासत तेव्हा प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत आणि शेवटी म्हणत, बरोबर हाय. या दोन शब्दांसाठी ती माणसं दिवसभराच्या पॅकिंगनंतर दिव्याखाली बसून लिहीत. आणि खरं सांगायचं तर या दोन शब्दांसाठीच केसरीनाथ जगत होते. राहनाळमध्ये त्यांना सगळे मान देत, पण तो पाच गाल्यांना होता. पाड्यावर त्यांना काका म्हणत ते कशामुळे, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

गेल्या मार्गशीर्षातल्या एका रविवारी तानीने वर्गात विषय काढला. कंपाउंडात गाल्यांच्या मागे संडास आहे, पण त्याला आठ महिने कुलूप आहे. कंपनी म्हणते इमारत मालकाची. भावेशशेठ म्हणतो वापर कंपनीचा. बायका खाडीकडच्या झुडपात जातात, ट्रकवाले बघत असतात. म्हणून आता कुणी सकाळपासून पाणीच पीत नाही. तानीला दोनदा लघवीच्या जळजळीने ताप आला होता. तिने हे सगळं खाली न बघता सांगितलं. मग ती म्हणाली, की पुढच्या रविवारी सगळ्यांनी मोर्चा घेऊन मालकाच्या घरी जायचं ठरलंय, काकांनी निवेदन लिहून द्यावं आणि पुढे चालावं.

आठ महिने. केसरीनाथांना ठाऊक नव्हतं, कारण ते आत जात नव्हते. आत न जाण्याचा उपयोग काय, ते आता कळलं. तानीची बारावीतली मुलगी पूर्वा म्हणाली, फाटकाच्या बोर्डावर सर्व्हे नंबर आहे, पाड्यावर नेट चालत नाही, पण आठवडाभरात कॉलेजजवळच्या सेंटरवरून सातबारा काढते. काकांचाच पहिला नियम. सगळ्यांनी त्यांच्याकडे शाबासकीच्या अपेक्षेने पाहिलं. त्यांनी मान हलवली.

निवेदन त्यांनी तिथेच लिहिलं. 'प्रति' लिहून ते थांबले. तानी म्हणाली, नावाची जागा मोकळी सोडा, नाव कळलं की भरू. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि त्या श्वासाची त्यांना लगेच शरम वाटली. खाली पहिली सही त्यांची झाली. केसरीनाथ तरे, मार्गदर्शक, अभ्यासवर्ग.

सोमवारी त्यांनी भावेशकडे संडासाची किल्ली मागितली. भावेश वाईट माणूस नव्हता. तो बापाला दर महिन्याला डॉक्टरकडे नेई आणि वह्यांना वाळवी लागू नये म्हणून कपाटात औषध ठेवी. त्याने शांतपणे समजावलं, की टाकी भरते, उपसायचं कुणी यावर कंपनीशी वाद आहे, आपण कुलूप काढलं तर ती जबाबदारी आपली ठरेल. मग म्हणाला, “बाबा, तुमाला याचा त्रास होतो तं बक्षीसपत्र करू. नाव माझं लावा. तुमी सुटाल.”

केसरीनाथांनी हा विचार केला नाही असं नाही. तासभर केला. शेवटी स्वतःहूनच चौकशी केली आणि कळलं, की दस्त एका दिवसात होतो पण सातबाऱ्यावरची नोंद बदलायला निदान तीन आठवडे जातात. तेव्हा कुठे त्यांनी ठरवलं, की हे तत्त्वात बसत नाही. तत्त्वाला तीन आठवड्यांचा आधार लागला, हे त्यांचं त्यांनाही दिसलं.

मग ते वह्यांकडे वळले. एखादा आजारी माणूस जसा या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे जातो, तसे ते त्या आठवड्यात पंथापंथांतून फिरले. एवढंच शोधत होते, की बावीस वर्षं कामगार आणि सोळा वर्षं भाडं खाणारा माणूस कुठल्या खात्यात बसतो. स्वतःच्या रशियाच्या वहीत त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, भाडं खाणारा तो परजीवी, आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या. ती त्यांनी मिटली. चीनच्या वहीत अंतर्विरोध दोन प्रकारचे निघाले, मुख्य आणि दुय्यम. आपला दुय्यम असावा, असं त्यांना वाटलं. पण ताप आलेल्या तानीला तो दुय्यम वाटेल का, हे काही वहीत नव्हतं. इटलीकडच्या एका पंथाच्या वहीत सापडलं, की माणूस एका वर्गात जन्मून दुसऱ्या वर्गाचा विचारवंत होऊ शकतो. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले. दुसऱ्या दिवशी पुढची ओळ वाचली, की त्यासाठी त्याने पहिल्या वर्गाशी नातं तोडायला हवं. जात आधी म्हणणाऱ्यांच्या वहीत प्रश्न होता, संडास साफ कोण करणार. ती वही त्यांनी घाईने बाजूला ठेवली. पाचव्या वहीत फ्रान्सकडचा एक पंथ होता. तो म्हणत होता, की माणूस म्हणून कुणी दोषी नसतो, तो फक्त व्यवस्थेतल्या एका जागेवर उभा असतो. बुधवारी या वाक्यावर त्यांना गाढ झोप लागली. सकाळी दात घासताना मनात आलं, की मग त्या जागेवरून बाजूला का होत नाही. तोंडातला फेस तसाच धरून ते बराच वेळ मोरीत उभे राहिले.

गुरुवारी ते रिक्षाने निजामपुऱ्यात मोईनभाईंकडे गेले. मोईनभाईंचे लूम भंगारात गेले होते, ते आता मुलाच्या दुकानात बाकावर बसून असत. केसरीनाथांनी विषय आडून काढला. समजा एक माणूस आहे, असं सुरू केलं. पाचही पंथांची मतं सांगितली आणि विचारलं, तुमच्या लाइनमध्ये याला काय म्हणतील.

मोईनभाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग बशीत चहा ओतत म्हणाले, की त्या माणसाच्या गोदामाच्या उद्घाटनाला सगळी युनियन जेवून आली होती, वडे चांगले होते. सोळा वर्षांत कुणी काही बोललं नाही, कारण सगळ्यांनाच आपापलं काहीतरी झाकायचं होतं.

“केसरी, तू हर फ़िरके, हर पंथ के दरवाज़े पे जाके एक ही बात पूछ रहा है, कि मेरा क़सूर कहाँ सबसे छोटा लिखा है,” मोईनभाई म्हणाले. “भाभी होती तो पहले ताला खुलवाती, किताब बाद में।”

केसरीनाथ चहा अर्धा टाकून उठले. ठरवूनच उठले, की पाड्यावर जायचं आणि सांगायचं. शुक्रवारी गुडघा दुखतो म्हणून गेले नाहीत. शनिवारी पूर्वाचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, की उद्या दहाला राहनाळच्या नाक्यावर उतरतो, काका तुम्ही तिथेच या. सातबाऱ्याचं तिने काही काढलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

रविवारी नाक्यावर टेम्पोतून बावीस माणसं उतरली. बायकांनी लुगडी घट्ट नेसली होती, तानीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत निवेदन होतं. तिने नमस्कार केला आणि त्यांना पुढे चालायला सांगितलं. वाट कुणालाच विचारावी लागली नाही, आणि हे केसरीनाथांच्या लक्षात यायला अर्धा रस्ता लागला.

पानाच्या टपरीवरून लडकू भोईरने हात वर केला. लडकू त्यांच्या शाळेतला. “काय केसरीदादा, पावनं का घरी?” तो म्हणाला.

केसरीनाथांनी मागे वळून पाहिलं नाही. मानेवर बावीस माणसांची नजर आहे असं त्यांना वाटत होतं. मागे चपला वाजत होत्या. देवळाजवळ त्यांची पावलं अडली. इथे सांगावं, असं मनात आलं, तोंडही उघडलं. पण मागून कुणीतरी घोषणा दिली, संडास आमच्या हक्काचा, आणि तेवढ्या निमित्ताने त्यांनी तोंड मिटलं. पुढच्या वळणावर सांगू म्हणाले, वळणावर शाळेपाशी म्हणाले, आणि शाळेनंतर त्यांचं घरच होतं.

भावेश पायऱ्यांवर उभा होता. त्याला मोर्चा दिसला, मग मोर्चाच्या पुढे बाप दिसला, आणि त्याचा चेहरा उतरला. बापाला वाचवण्याचं त्याच्या परीने जे सुचलं ते त्याने केलं. मोठ्याने म्हणाला, “मालक घरी न्हाईत. निवेदन माझ्याकडं द्या.”

तानी त्याच्याकडे गेली नाही. तिने पिशवीतून कागद काढला आणि केसरीनाथांच्या पुढे धरला. मोकळ्या जागेत पूर्वाच्या गोल अक्षरात नाव भरलेलं होतं. श्री. केसरीनाथ बाळाराम तरे, मालक, पार्वती कंपाउंड. वर त्यांचं नाव होतं आणि खाली त्यांची सही होती.

“मंगळवारीच कळलं,” तानी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, फक्त थकलेला होता. “फोन करणार होतो. मग म्हटलं, काका सांगतील. नाक्यावर थांबलो, देवळाशी थांबलो. तुमी सांगाल म्हणून शाळेपर्यंत हळूच चाललो.”

पाच वह्यांतलं एकही वाक्य केसरीनाथांच्या जिभेवर आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही, कारण पुसायला हात वर करणंही त्यांना त्या क्षणी नाटकी वाटलं. ते मोर्चातून बाहेर पडले आणि स्वतःच्या घराच्या तीन पायऱ्या चढले. गुडघा दुखत होता म्हणून एकेक पायरी दोन्ही पायांनी चढावी लागली. वर गेल्यावर वळून उभे राहिले, आणि बायकांना ते पहिल्यांदा दारातून पाहत होते.

त्यांनी भावेशपुढे हात केला. भावेश काही म्हणणार होता, पण त्याने आत जाऊन खिळ्यावरची किल्ली आणून दिली. केसरीनाथ म्हणाले, की कुलूप आत्ताच काढतो, टाकी उद्या उपसून घेतो, पुढचा खर्च कंपनीशी मी बघतो.

“तोंडी नको,” तानी म्हणाली. “लिहून द्या. आन् पोच.”

त्यांनी खिसा चाचपला. पेन पूर्वाने पुढे केलं. दाराच्या चौकटीवर कागद टेकवून त्यांनी निवेदनाच्या मागे चार ओळी लिहिल्या, पोच दिली, सही केली. सहीखाली हुद्द्याची जागा होती. आयुष्यभर त्यांनी तिथे कामगार लिहिलं होतं, प्रतिनिधी लिहिलं होतं, मार्गदर्शक लिहिलं होतं. आता त्यांनी तो तीन अक्षरांचा शब्द लिहिला, जो आठवडाभर पाच पंथांत चुकवत फिरले होते.

तानीने कागद घेतला. ती सावकाश वाचत होती, त्यांनी शिकवलं होतं तशी, प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत. बोट सहीखाली येऊन थांबलं.

“बरोबर हाय,” ती म्हणाली, आणि किल्लीसाठी हात पुढे केला.